आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन

आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन (जन्म : १८६६, मृत्यू : नाशिक, २१ डिसेंबर १९०९) हे ब्रिटिश हिंदुस्थानातील सनदी अधिकारी, भारतविद्येचे अभ्यासक आणि मुंबई इलाख्यातील लोकविद्येचे संग्राहक होते. नाशिकचे जिल्हाधिकारी असताना क्रांतिकारक अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी त्यांची हत्या केली. मराठी वाचकांना जॅक्सन हे नाव प्रामुख्याने या घटनेमुळे परिचित आहे. गुजरात आणि कोकण या प्रदेशांतील ग्रामदेवता, भूतखेत, चेटूक, दृष्ट, रोगदेवता, वृक्षपूजा आणि नागपूजा यांविषयीची टिपणे त्यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून मिळवली होती, ही बाब मात्र फारशी ज्ञात नाही. ही टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर रेजिनाल्ड एडवर्ड एन्थोवेन यांनी संकलित केली आणि ती 'फोकलोर नोट्स' या नावाने दोन खंडांत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला कोकणाचा खंड हा मराठी भाषक प्रदेशातील अलौकिक समजुतींचा एक महत्त्वाचा जुना लेखी संग्रह मानला जातो.

सनदी सेवा आणि इतिहाससंशोधन

जॅक्सन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या सनदी सेवेत दाखल झाले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्या काळी या इलाख्यात सिंध, गुजरात, महाराष्ट्राचा मोठा भाग, कोकण आणि उत्तर कर्नाटक यांचा समावेश होता. महसूल, फौजदारी न्याय आणि कायदा व सुव्यवस्था ही जिल्ह्यातील अधिकाऱ्याची मुख्य कामे होती. त्यांच्या जोडीने स्थानिक भाषा, जुने लेख, नाणी आणि चालीरीती यांचा अभ्यास करणाऱ्या अधिकाऱ्यांची एक परंपरा या इलाख्यात तयार झाली होती. जॅक्सन याच परंपरेतील होते. संस्कृत आणि मराठी या दोन्ही भाषा त्यांना अवगत होत्या.

त्यांचे पहिले मोठे संशोधनकार्य गुजरातच्या प्राचीन इतिहासाविषयी आहे. पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे १८८८ मध्ये निधन झाले, तेव्हा गुजरातच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचे लेखन अपुरे राहिले होते. ते पूर्ण करण्याचे काम जॅक्सन यांनी केले. हा इतिहास १८९६ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या पहिल्या खंडाच्या पहिल्या भागात प्रसिद्ध झाला. दुसऱ्या विद्वानाचे अपुरे हस्तलिखित जॅक्सन यांनी तडीस नेले. पुढे त्यांच्या स्वतःच्या संग्रहाच्या वाट्यालाही तेच आले.

या गॅझेटिअरचे संपादक सर जेम्स मॅकनॅब कॅम्बेल हे मूळचे स्कॉटलंडचे होते आणि त्यांचे वडील तेथे धर्मोपदेशक होते. भुताखेतांवरील विश्वास हा अनेक रूढींचा पाया आहे, असे प्रतिपादन करणारी कॅम्बेल यांची टिपणे 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली होती. कुंकू, लोखंड, मीठ, दिवा, घंटा, तांदूळ इत्यादी वस्तू विधींमध्ये का वापरल्या जातात, याचा शोध त्यांनी त्यांत घेतला. मुंबई इलाख्यात भूतखेतांच्या समजुती हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही भूमिका जॅक्सन यांच्यापूर्वीच अशा रीतीने मांडली गेली होती.

लोकविद्येचा अभ्यास आणि त्याची पार्श्वभूमी

इंग्रजीत लोकविद्येसाठी रूढ असलेला 'फोकलोर' हा शब्द विल्यम थॉम्स यांनी १८४६ मध्ये प्रचारात आणला. १८७८ मध्ये लंडन येथे फोकलोर सोसायटीची स्थापना झाली. ग्लासगो येथे जन्मलेले जेम्स जॉर्ज फ्रेझर यांनी जगभरातील चालीरीतींची माहिती मिळवण्यासाठी १८८७ मध्ये एक प्रश्नावली छापली आणि १८९० मध्ये 'द गोल्डन बाऊ' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच प्रकारचे प्रश्न अनेकांना पाठवायचे आणि आलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहायची, ही पद्धत या काळात रूढ झाली.

हिंदुस्थानात या पद्धतीचा पाठपुरावा विल्यम क्रूक या सनदी अधिकाऱ्याने केला. उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्म आणि लोकविद्या यांवरील क्रूक यांचा ग्रंथ १८९६ मध्ये दोन खंडांत निघाला. निसर्गदेवता, वीरदेवता, रोगदेवता, पितर व संत, अतृप्त मृतात्मे, दृष्ट, वृक्ष व नाग, प्राणिपूजा, चेटूक आणि ग्रामोत्सव अशी त्याची साधारण मांडणी होती. जॅक्सन यांनी ही मांडणी आधारभूत धरून मुंबई इलाख्यासाठी प्रश्न तयार केले.

प्रश्नावली आणि शाळामास्तर

हे प्रश्न कोणाला पाठवायचे, हा यातील महत्त्वाचा निर्णय होता. जिल्ह्याचा अधिकारी दौऱ्यावर असताना गावात फार तर एक-दोन दिवस मुक्काम करी. त्याच्यासमोर गावकरी वेताळाविषयी किंवा चेटकिणीविषयी मोकळेपणाने बोलण्याची शक्यता कमी होती. त्यामुळे प्रश्नांची उत्तरे प्राथमिक शाळांच्या मास्तरांकडून मागवण्यात आली. गावातला मास्तर लिहिणारा होता आणि गावातच राहणारा होता. कोणत्या पिंपळावर मुंजा आहे, कोणत्या डोहात आसरा आहेत, पटकीची साथ आल्यावर गाव काय करते, हे त्याने पाहिलेले किंवा ऐकलेले असे.

कोकणाच्या खंडात ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतून आलेली उत्तरे आहेत. बहुतेक ठिकाणी माहिती देणाऱ्याचे नाव दिलेले नाही. अमुक गावचा शाळामास्तर एवढाच उल्लेख येतो. कुलाबा जिल्ह्यातील चौक आणि वावंजे, ठाणे जिल्ह्यातील आगाशी आणि पडघे अशी गावांची नावे त्यांत वारंवार आढळतात. वावंजे हे गाव आजच्या पनवेल तालुक्यात आहे. त्या काळच्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या हद्दी जेथे एकमेकींना भिडत, त्या खाडीकाठच्या पट्ट्यात आज सीवूड्स, नेरूळ, बेलापूर ही नवी मुंबईची उपनगरे आहेत. सीवूड्स हे नाव अलीकडचे असले तरी त्याच्या कुशीत करावे आणि दारावे ही आगरी-कोळी वस्तीची जुनी गावठाणे टिकून आहेत. या पट्ट्यातील गावदेवी, चेडोबा आणि गावच्या शिवेवरील राखणदार यांच्या परंपरा समजून घेण्यासाठी जॅक्सन यांनी जमवलेली टिपणे उपयोगी पडतात.

कोकण खंडातील आशय

भूतखेतांचे वर्गीकरण

खंडातील सर्वांत लक्षणीय भाग भुतांच्या प्रकारांविषयी आहे. माणूस कोणत्या स्थितीत मेला आणि त्याची कोणती इच्छा अपुरी राहिली, यावर त्याचे भूत कोणत्या प्रकारचे होणार हे ठरते, असे तत्त्व या नोंदींमागे दिसते. मुंज झाल्यानंतर लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. वासना अपुरी राहिलेल्या ब्राह्मणाचा समंध होतो. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो आणि तो नदी-खाडीच्या काठी माणसांना चकवतो. सवाष्ण मेलेल्या स्त्रीची जखीण आणि विधवेची लावसट होते. बाळंतपणात मेलेली स्त्री हडळ किंवा अळवंत होते. खवीस हे मुसलमानाचे भूत मानले जाते. देवचार हा गावाच्या बाहेर राहतो. तो उपद्रव देतो, तसाच वार्षिक मान मिळाला तर गावाची राखणही करतो. या सर्वांचा राजा वेताळ. तो अमावास्येच्या रात्री मशाली घेतलेल्या लवाजम्यासह फिरतो, अशी समजूत आहे.

या यादीकडे केवळ भीतिकथांची यादी म्हणून पाहता येत नाही. ज्यांचे आयुष्य समाजाने ठरवून दिलेल्या टप्प्यांपैकी एखाद्या टप्प्यावर तुटले, अशीच माणसे तिच्यात प्रामुख्याने दिसतात. अल्पवयात मेलेली मुले, बाळंतपणात दगावलेल्या स्त्रिया, बुडालेले खलाशी आणि मच्छीमार, वंश न राहिलेले पुरुष यांचे मरण ज्या समाजात नित्याचे होते, त्या समाजाने त्यांची आठवण कोणत्या रूपात ठेवली, याचा हा पुरावा आहे. हडळ आणि अळवंत यांची भीती जितकी दाट, तितकेच त्या प्रदेशात बाळंतपण धोक्याचे होते, असा अर्थ त्यातून काढता येतो.

दृष्ट आणि बाधा

भुताचे पाय उलटे असतात, त्याची सावली पडत नाही आणि ते नाकात बोलते, या समजुती नोंदींमध्ये येतात. बाधा झाल्याचा संशय आल्यास भगताला किंवा देवर्ष्याला बोलावले जाई. तो तांदळाचे दाणे पाहून किंवा अंगात आणून बाधेचे कारण सांगे आणि कोंबडे, नारळ किंवा भाताचा उतारा सुचवी. लोखंड, अग्नी आणि वेताळाच्या देवळातील वेत यांना भुते भितात, असे मानले जाई.

दृष्ट काढण्यासाठी मीठ, मोहऱ्या, मिरच्या आणि तिकाटण्यावरची माती ओवाळून विस्तवात टाकत. मुलाच्या गालावर काजळाची तीट लावत. आधीची मुले जगली नसतील, तर नव्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू असे ठेवीत. कोणाला हेवा वाटू नये आणि मृत्यूचेही लक्ष जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. यातील काही प्रथा शहरी घरांतही अद्याप चालू आहेत.

चेटूक

चेटकिणीविषयीच्या प्रकरणात केस, नखे किंवा वापरलेले वस्त्र मिळवून त्याद्वारे माणसाला इजा करता येते, ही समजूत नोंदलेली आहे. मंत्र शिकण्यासाठी रात्री स्मशानात जावे लागते, अशीही समजूत होती. मुलाचे आजारपण, गाईचे दूध आटणे किंवा घरातील एकापाठोपाठ एक मृत्यू यांचा दोष गावातील एखाद्या स्त्रीवर ठेवला जाई. असा आरोप बहुधा एकाकी, वृद्ध किंवा विधवा स्त्रीच्या वाट्याला येतो, हे जगातील अनेक प्रदेशांच्या इतिहासावरून दिसून आले आहे. उत्तरे लिहिणाऱ्याला समजूत सांगायची होती. जिच्यावर आरोप झाला, त्या स्त्रीचे पुढे काय झाले हे त्याला विचारलेले नव्हते.

रोगदेवता आणि पाऊस

पटकी आणि देवी या रोगांच्या साथी ग्रामदेवतेच्या कोपामुळे येतात, असे मानले जात असे. साथ आल्यावर देवीची पूजा करून तिचे प्रतीक, नैवेद्य आणि बळी गावाच्या शिवेबाहेर नेऊन ठेवत. शेजारच्या गावानेही मग तेच करावयाचे असे. पाऊस लांबला तर महादेवाची पिंडी पाण्यात बुडेल इतके पाणी गाभाऱ्यात भरत. विहिरी आणि डोह यांवर सत्ता असलेल्या साती आसरांची पूजा करत. शेती, पाणी आणि रोगराई यांविषयीच्या चिंतेशी या विधींचा थेट संबंध दिसतो.

स्कॉटलंडमधील परंपरेशी तुलना

चेटूक आणि अलौकिक परंपरांच्या इतिहासात स्कॉटलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे १५६३ च्या कायद्याने चेटूक हा देहदंडाचा गुन्हा ठरवण्यात आला आणि हा कायदा १७३६ मध्ये रद्द झाला. त्या दरम्यान अनेकांवर, विशेषतः स्त्रियांवर, खटले चालले. त्यामुळे स्कॉटलंडमधील चेटकाविषयीची माहिती मोठ्या प्रमाणात न्यायालये आणि चर्च यांच्या दप्तरांतून मिळते. जबाब देणाऱ्याचा जीव त्या उत्तरावर अवलंबून असे. याहून वेगळे उदाहरण अॅबरफॉइल येथील धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांचे आहे. १६९२ मध्ये निवर्तलेल्या कर्क यांनी आपल्या परिसरातील लोकांच्या पऱ्यांविषयीच्या आणि अदृश्य जगाविषयीच्या समजुती सहानुभूतीने लिहून ठेवल्या होत्या.

जॅक्सन यांचा संग्रह या दोहोंच्या मधला आहे. येथे उत्तर देणाऱ्यावर खटला नव्हता. परंतु प्रश्न विचारणारा जिल्ह्याचा सत्ताधारी होता आणि उत्तर देणारा बहुधा शिक्षणखात्याच्या अखत्यारीतील मास्तर होता. वरून आलेल्या कागदाला गावातून गेलेले उत्तर, असे या टिपणांचे स्वरूप राहिले.

नाशिकमधील कारकीर्द

नाशिकमध्ये जॅक्सन लोकांशी मराठीत बोलत आणि शास्त्री-पंडितांशी संस्कृतविषयी चर्चा करत. त्यामुळे त्यांना पंडित जॅक्सन असे म्हटले जाई. आपण मागील जन्मी वेदसंपन्न ब्राह्मण होतो आणि म्हणूनच आपल्याला नाशिककरांविषयी ओढा वाटतो, असे ते सांगत, अशी आठवण प्रचलित आहे. काहींना ही आत्मीयता खरी वाटे. क्रांतिकारकांच्या दृष्टीने तो लोकांना गाफील ठेवण्याचा डाव होता.

त्या काळी नाशिक हे सावरकर बंधूंनी उभारलेल्या अभिनव भारत या गुप्त संघटनेचे केंद्र होते. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेल्यानंतर तेथील कामाची धुरा त्यांचे थोरले बंधू गणेश उर्फ बाबाराव सावरकर यांनी सांभाळली. देशभक्तिपर कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबारावांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. हे प्रकरण जिल्हा दंडाधिकारी या नात्याने जॅक्सन यांच्यासमोर आले आणि त्यांनी ते सत्र न्यायालयाकडे पाठवले. जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ती उच्च न्यायालयातही कायम राहिली. काही कवितांसाठी दिलेली ही शिक्षा अन्याय्य असल्याची भावना तरुणांमध्ये तीव्र झाली. त्याच वर्षी १ जुलै रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांची हत्या केली. नाशिकमधील गटाने जॅक्सन यांना लक्ष्य ठरवले.

लोकांच्या समजुतींविषयी इतके विचारणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच लोकांच्या मुलांच्या मनात काय चालले आहे, याची कल्पना आली नाही. प्रश्नावलीत वेताळाला आणि मुंजाला जागा होती. पारतंत्र्याविषयी लोकांना काय वाटते, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर होता. दुसरीकडे, ज्यांनी जॅक्सन यांना ठार करण्याचे ठरवले, त्यांच्या लेखी त्यांची विद्वत्ता गौण होती. राजद्रोहाच्या प्रकरणात कागद पुढे पाठवणारा अधिकारी एवढीच त्यांची ओळख महत्त्वाची होती. ही दोन्ही कामे एकाच माणसाने, एकाच सत्तेचा प्रतिनिधी म्हणून केली होती.

हत्या

जॅक्सन यांची बढती होऊन नाशिकहून बदली झाली होती. त्यांच्या निरोपानिमित्त २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'संगीत शारदा' या नाटकाचा प्रयोग ठेवण्यात आला. गोविंद बल्लाळ देवल यांचे हे नाटक जरठ-कुमारी विवाहाच्या प्रथेवर आहे. या प्रयोगात शारदेची भूमिका बालगंधर्व करणार होते.

अनंत कान्हेरे हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याचे. ते त्या वेळी निजामाच्या राज्यातील औरंगाबाद येथे शिकत होते आणि त्यांचे वय सुमारे अठरा वर्षे होते. जॅक्सन नाट्यगृहात प्रवेश करत असताना कान्हेरे यांनी त्यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. जॅक्सन यांचा तेथेच मृत्यू झाला. उपस्थितांनी कान्हेरे यांना पकडले. कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे या कटातील त्यांचे सहकारी होते. कान्हेरे यांचा प्रयत्न फसल्यास पुढील वार करण्याची तयारी त्यांनी ठेवली होती.

खटले आणि शिक्षा

मुंबई उच्च न्यायालयात हा खटला चालला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात तिघांनाही फाशी देण्यात आली.

हत्येत वापरलेले पिस्तूल लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत पाठवलेल्या पिस्तुलांपैकी होते, असा सरकारपक्षाचा आरोप होता. मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. नाशिक कट खटल्यात डिसेंबर १९१० मध्ये आणि जॅक्सन यांच्या हत्येस साहाय्य केल्याच्या आरोपावरून जानेवारी १९११ मध्ये अशा दोन जन्मठेपा त्यांना ठोठावण्यात आल्या. दोन्ही मिळून पन्नास वर्षांच्या या शिक्षेसाठी त्यांना अंदमानला पाठवण्यात आले. जॅक्सन हे नाव मराठी इतिहासलेखनात यानंतर याच घटनाक्रमाशी कायमचे जोडले गेले.

टिपणांचे प्रकाशन

जॅक्सन यांच्या मृत्यूच्या वेळी शाळामास्तरांकडून आलेली उत्तरे ग्रंथरूपात मांडली गेलेली नव्हती. हे काम एन्थोवेन यांनी हाती घेतले. तेही मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी होते आणि इलाख्याच्या मानववंशविषयक पाहणीशी संबंधित होते. त्यांच्या संकलनाचा पहिला, गुजरातविषयक खंड १९१४ मध्ये आणि दुसरा, कोकणविषयक खंड १९१५ मध्ये मुंबईत छापला गेला. साहित्य कै. जॅक्सन यांनी जमवल्याचा उल्लेख मुखपृष्ठावरच आहे. एन्थोवेन यांनी पुढे १९२० ते १९२२ या काळात मुंबई इलाख्यातील जातिजमातींवर तीन खंड प्रसिद्ध केले. १९२४ मध्ये त्यांचा 'द फोकलोर ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ निघाला. त्यातही या टिपणांचा मोठा आधार आहे.

मर्यादा

या संग्रहाचा उपयोग करताना काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. प्रश्नांची चौकट उत्तर हिंदुस्थानावरील ग्रंथातून आलेली असल्यामुळे कोकणातील ज्या गोष्टी तिच्यात बसत नव्हत्या, त्या नोंदीबाहेर राहण्याचा संभव होता. उत्तरे इंग्रजीत संकलित झाल्यामुळे मूळ मराठी आणि कोकणी बोलींतील शब्द, म्हणी आणि कथनाची लय बव्हंशी हरवली. मास्तर हा शिकलेला आणि बहुधा पुरुष असे. दृष्ट काढणारी आजी, सुईण, अंगात येणारी स्त्री किंवा खुद्द भगत यांचे म्हणणे त्याच्या लेखणीतून गाळून आले. आदिवासी आणि कष्टकरी समाजांविषयी लिहिताना काही ठिकाणी दुरून पाहिल्याचा भाव जाणवतो. एखादी प्रथा गावात सर्वजण पाळतात की काही घरेच, हेही अनेक नोंदींवरून कळत नाही.

पुढील काळात मराठीतील लोकसाहित्याच्या अभ्यासाने यांपैकी काही उणिवा भरून काढल्या. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये स्त्रियांच्या ओव्या त्यांच्याच भाषेत एकत्र केल्या. दुर्गा भागवत यांनी १९५६ मध्ये 'लोकसाहित्याची रूपरेषा' या ग्रंथातून या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. रा. चिं. ढेरे यांनी दैवते आणि लोकधर्म यांचा मराठी, संस्कृत व दक्षिणी भाषांतील साधनांच्या आधारे दीर्घकाळ मागोवा घेतला.

वारसा

नाशिक शहरात अनंत कान्हेरे यांचे नाव एका मोठ्या मैदानाला दिलेले आहे आणि हुतात्मा म्हणून त्यांचे स्मरण केले जाते. जॅक्सन यांचे स्मरण अभ्यासकांच्या वर्तुळापुरते, तेही मुख्यतः ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील नावापुरते उरले आहे. त्यांचे संशोधन त्यांच्या प्रशासकीय कृतींचे समर्थन ठरत नाही, तसेच त्या कृतींमुळे संग्रहाचे मोलही कमी होत नाही.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. बाधा काढण्याच्या नावाखाली केलेली मारहाण, फसवणूक आणि शोषण हे त्यामुळे गुन्हे ठरले. अशा समजुती समाजात कशा रुजल्या आणि कोणत्या दुःखांतून त्यांना बळ मिळाले, हे पाहण्यासाठी शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची ही टिपणे एक साधन आहेत. त्यांत नोंदलेल्या समजुती खऱ्या मानण्याचे कारण नाही. त्या समजुतींमागील भीती मात्र खरी होती. ती लिहून ठेवण्याचे श्रेय प्रश्न पाठवणाऱ्या जॅक्सन यांच्याइतकेच चौक, वावंजे, आगाशी, पडघे आणि अशा अनेक गावांतील त्या अनामिक शाळामास्तरांकडे जाते.